आतड्यांतील अदृश्य सोबती

मनुष्याच्या आतड्यांत अगणित सूक्ष्म जंतू वस्ती करून असतात. जंतू म्हटले की आपणांस रोगराई आठवते; परंतु यांतील बहुतेक जंतू आपले वैरी नव्हेत. काही अन्नाच्या पचनास साहाय्य करतात, तर काही जीवनसत्त्वे निर्माण करतात. त्यांचे आणखीही एक कार्य आहे. आपले कोण व परके कोण, हे ओळखण्याचे शिक्षण शरीरातील रक्षक पेशींना बालवयात मिळते. त्या शिक्षणात या जंतूंचा मोठा वाटा असतो.

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचे इंद्रिय आहे. त्यातील काही पेशी इन्सुलिन नावाचा रस निर्माण करतात. या रसामुळे रक्तातील साखर शरीराच्या कामी येते. मुलांना सामान्यतः होणाऱ्या मधुमेहात रक्षक पेशी या पेशींचाच नाश करतात. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार! मग रक्तात साखर साचते आणि मूल खंगत जाते. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये ते लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मरणोन्मुख मुलास टोचण्यात आले व त्याचे प्राण वाचले. इन्सुलिनने रोगी जगतो; पण रोग मुळात का जडतो, हा प्रश्न उरलाच.

हा रोग जगात सर्वांत अधिक आढळतो तो फिनलंडमध्ये. सीमेपलीकडे रशियाचा कारेलिया प्रांत आहे. या रोगास अनुकूल अशी आनुवंशिक प्रवृत्ती दोन्हीकडे जवळजवळ सारखीच. तरीही फिनलंडमध्ये रोगाचे प्रमाण सुमारे सहापट असल्याचे २००५ साली दिसून आले. मग शास्त्रज्ञांनी फिनलंड, एस्टोनिया व कारेलिया येथील २२२ बालकांच्या आतड्यांतील जंतूंचा जन्मापासून तीन वर्षांपर्यंत अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन देशांतील बालकांत ‘बॅक्टेरॉइडीस’ जातीच्या जंतूंचे प्राबल्य होते. कारेलियातील बालकांत ते कमी होते. प्रयोगशाळेत असे आढळले, की या जातीतील काही जंतू रक्षक पेशींना पुरेसे जागे करीत नाहीत. त्यामुळे त्यांचे शिक्षण अपुरे राहत असावे, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

हा तर्क अद्याप पूर्णपणे सिद्ध झालेला नाही. म्हणून स्वच्छता सोडावी, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. अस्वच्छतेने अनेक घातक रोग पसरतात. मधुमेही मुलाने इन्सुलिनही कधी सोडता कामा नये. एक गोष्ट मात्र निश्चित आहे. हा रोग गोड खाल्ल्याने जडत नाही. तेव्हा आपल्या वर्गात असा एखादा सोबती असेल, तर त्यास दोष न देता मायेने साथ द्यावी. ज्ञानाचा खरा उपयोग तोच होय.

स्वाध्याय
१. ‘कुंपणानेच शेत खाणे’ ही म्हण लेखकाने कशास उद्देशून योजली आहे?
२. फिनलंड व कारेलिया यांची तुलना शास्त्रज्ञांना महत्त्वाची का वाटली?