पहार खाली ठेव

बोर्डी,
कोजागिरीनंतरचा रविवार

चि. सोनूस,


परवा फोनवर तू रागात होतास, म्हणून मी फार बोललो नाही. भिंतीतली भेग नव्या रंगाखालून पुन्हा वर आली, चिकूच्या कलमांना भलतीच पानं फुटली, आणि आता भिंत पाडून, कलमं उपटून तू सगळं नव्याने करायला निघाला आहेस. माझं ऐकशील तर सध्या पहार खाली ठेव. चूक झाली आहे हे खरं. पण ती नेमकी कुठे झाली ते तू अजून पाहिलेलं नाहीस, आणि न पाहता केलेली दुरुस्ती पहिल्या चुकीपेक्षा जास्त पैसे खाते.

आधी भिंतीचं बोलू. तिथे जिवाचा प्रश्न आहे. भिंतीला ओळंबा लावून बघ. ती बाहेर झुकली असेल किंवा मध्येच फुगली असेल, तर त्या खोलीत आजपासून कुणी झोपायचं नाही; इंजिनिअर आणून दाखवायची. ओळंब्यात असेल तर घाई करायचं कारण नाही.

तुमच्या तलासरीच्या घराने नोव्हेंबर २०१८पासूनचे भूकंपाचे धक्के सोसले आहेत. १ फेब्रुवारी २०१९चा ४.१ तीव्रतेचा धक्का तुला आठवत असेल. धुंदलवाडीपासून तलासरीपर्यंत माणसं थंडीत अंगणात आणि तंबूत झोपत होती. एकच मोठा हादरा बसून थांबला असता तर भिंतीचं काय झालं ते एकदाच कळलं असतं. इथे लहान लहान धक्के वर्षानुवर्षं येत राहिले आणि भेगा हळूहळू वाढल्या. अशा भेगेत पुट्टी भरून वर रंग दिला तर ती परत येणारच. पुट्टीने भिंत गुळगुळीत होते, विटा धरून राहत नाहीत.

भेग खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी गेली आहे, असं तू म्हणालास. तिच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराने ठोकत जा. जिथे पोकळ वाजेल तिथला गिलावा वीतभर रुंद काढून टाक आणि विटा बघ. भेग गिलाव्यातच संपते, विटांमधल्या सांध्यातून जाते की वीटच तुटली आहे? मग बाहेरच्या अंगाने त्याच जागी बघ. दोन्हीकडे दिसली तर भिंत आरपार फाटली आहे असं समज. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिही. भेगेवर काचेची एक पातळ पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटव. भिंत अजून हलत असेल तर काच तडकते. होळीपर्यंत ती तशीच राहू दे. पाहुण्यांना भिंत वाईट दिसेल, दिसू दे.

काच टिकली तर भेग खरवडून मोकळी कर, धूळ झाड, पाणी मार आणि एकास तीन सिमेंट-रेतीने दाबून भर. भेग आरपार असेल तर नुसतं भरून भागत नाही. भिंतीच्या दोन्ही अंगांना वेल्डमेशची जाळी ठोकून घ्यायची, भिंतीला भोकं पाडून तारेने दोन्ही जाळ्या एकमेकींना बांधायच्या आणि मगच गिलावा करायचा. नंतर आठ-दहा दिवस पाणी मारायला विसरू नकोस. काच तडकली, तर मात्र स्वतःच्या डोक्याने काही करू नकोस. इंजिनिअरला विचार की खिडक्या-दारांच्या वर, लिंटलच्या पातळीला, सगळ्या घराभोवती आतून-बाहेरून असाच जाळीचा पट्टा फिरवता येईल का. तुमच्या घराला तो पट्टा मुळात नाही. माझ्या मते खरी चूक ती आहे, आणि ती तुझ्या आधीची आहे. ती खिडकीही कोपऱ्याला फार चिकटून काढली आहे.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी हजारो माणसं गेली, ती मुख्यतः घरांखाली गेली. दगडमातीच्या जाड, जड भिंती होत्या. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतवलेला नव्हता, त्यामुळे थर सुटले आणि वरचं मातीचं ओझं खाली आलं. पण तिथेही उभी राहिलेली सगळी घरं पाडायची गरज नव्हती. भिंतीत भोक पाडून आरपार सळई-काँक्रीटचा सांधा घालणं, वर पट्टा बांधणं, अशा उपायांनी जुनं घर सावरता येतं हे त्यानंतर शिकवलं गेलं. आपल्याकडची वारली कुडाची घरं बघ. लाकडी मेढी, कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचं लिंपण. भिंत हलकी असते, हादऱ्याला लवते, आणि लिंपणाला भेगा पडतात म्हणून ते वेळोवेळी पुन्हा करतात. तिथे दुरुस्तीची कुणाला लाज वाटत नाही. घर राखण्याचंच ते काम आहे. सिमेंटचं घर बांधलं की आपल्याला वाटतं, आता आयुष्यभर बघायला नको.

मागच्या भिंतीवर पांढरी भुकटी येते म्हणालास, तो लोणा असणार. रेती कुठून आली ते विचार. खाडीची असेल तर रंगावर रंग चढवून काही होणार नाही. तो गिलावा विटेपर्यंत काढून टाक, कोरड्या ब्रशने मीठ झाड आणि भिंत उन्हाळाभर उघडी वाळू दे.

आता वाडी. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून हौसेने लागवड करणारे वाढले असावेत, पण कलम म्हणजे काय हे फार थोडे बघतात. तुझी कालीपत्ती जातीच्या चिकूची कलमं रायणीच्या खुंटावर बांधलेली आहेत. जोडाच्या खाली जे फुटतं ते रायणीचं, चिकूचं नव्हे. चीक बघून ओळखायला जाऊ नकोस, तो दोघांनाही पांढराच येतो. पान बघ. रायणीच्या पानाला टोकाशी बारीक खाच असते. चिकूचं पान टोकाकडे निमुळतं होतं आणि फांदीच्या शेंड्याला झुपक्याने येतं. प्रत्येक झाडापाशी खाली बस आणि जोड शोध. बहुतेक तो मातीखाली गेला आहे, कारण खड्डा भरताना तुम्ही माती बुंध्यापर्यंत ओढलीत. हाताने माती बाजूला सार, जोड उघडा कर, खालची फूट मुळापासून धारदार चाकूने काढ. वरची कालीपत्ती हिरवी असेल तर ते झाड वाचलं. वरचा भाग वाळला असेल तरी उपटू नकोस. रुजलेला रायणीचा खुंट तुझ्याकडे आयता आहे, त्यावर जागच्या जागी पुन्हा कलम बांधता येतं. कोणत्या महिन्यात आणि कोणत्या जाडीची काडी घ्यायची, हे कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचार. १९७६पासून ते लोक हेच काम करताहेत. सोबत एक फांदी ने. तोंडी वर्णनाने निदान होत नाही.

पाच मीटरवर लावलंस याचं वाईट वाटून घेऊ नकोस. चिकूला दहा मीटर लागतात हे खरं, पण ते झाड मोठं झाल्यावर. राहणारी झाडं कोणती आणि पुढे काढायची कोणती हे आत्ताच ठरव आणि काढायच्या झाडांना रंगाची खूण कर. पुढे फांद्या एकमेकींत शिरल्या की माया होते आणि कुऱ्हाड उचलत नाही. दाट सावलीत फळ मात्र कमी होतं. तोवर मधल्या जागेत ढोबळी मिरची घे.

गवंड्याशी भांडलास ते बरं केलं नाहीस. त्याला बोलाव, उघडी भेग दाखव आणि तुझं काय म्हणणं आहे ते शांतपणे सांग. जाळी ठोकायला त्याचेच हात लागणार आहेत. आणि किती पैसे गेले ते वहिनींना खरं सांग. आकडा कळल्यावर त्या रागावतील, पण पुढचा खर्च कुठे थांबवायचा हे तुझ्यापेक्षा त्यांना चांगलं कळतं.

काच चिकटवलीस की तारखेसकट फोटो पाठव. दिवाळीत मी येतोच आहे. ओळंबा विकत घेऊ नकोस, तोवर गवंड्याकडून मागून घे.

तुझा,
काका