मसुदा दाखवणार का, हे आधी विचारा

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी मेडिसिन विभागातल्या एका सरांच्या संशोधनात स्वतःहून सामील झाले. ओपीडीत येणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांच्या सवयींचा तो अभ्यास होता. संमतीपत्र समजावून सांगायचं, फॉर्म भरायचे, रेकॉर्ड रूममधून जुने केसपेपर हुडकायचे आणि रात्री हॉस्टेलवर मास्टर चार्ट भरायचा, ही सगळी कामं माझ्याकडे होती.

फॉर्मवर प्रश्न होता, 'तंबाखू खाता का?' बायका ठामपणे 'नाही' म्हणायच्या. एका आजींचे दात काळे दिसले म्हणून मी विचारलं, "आजी, मिश्री लावता का?" "लावते की! त्याबिगर पोट साफ होत न्हाई." मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, पण ती लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही. मी सरांना हे सांगितलं. त्यांनी एथिक्स कमिटीकडून बदल मंजूर करून घेतला, फॉर्मवर नवा रकाना आला आणि आधी विचारलेल्या बायका पुन्हा तपासणीला आल्या तेव्हा मी त्यांना हा प्रश्न नव्याने विचारला.

पुढे शोधनिबंध छापून आला, तो मला मैत्रिणीच्या मोबाइलवर दिसला. मिश्रीवर अख्खा परिच्छेद होता. लेखकांत विभागप्रमुख होते, ओपीडीत एकदाही न फिरकलेला एक रेसिडेंटही होता. माझं नाव आभारातसुद्धा नव्हतं. मी विचारायला गेले तेव्हा सर सह्या करत होते. मान वर न करता म्हणाले, "डेटा कुणीही गोळा करतं. तू पेपरची एक ओळ तरी लिहिलीस का?"

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आहे. तिने लेखक ठरण्यासाठी चार अटी घातल्या आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या तपासणीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी. नुसत्या माहिती-संकलनावर लेखकपद मिळत नाही, हे खरं. पण पहिली अट पुरी करणाऱ्याला मसुद्यात भाग घेण्याची संधी द्यावी, असंही तीच समिती सांगते. मला मसुदा दाखवलाच नाही, आणि लिहिलं नाही म्हणून वगळलं!

म्हणून कामाला लागण्याआधीच विचारा: मसुदा मला दाखवणार का? आपली कामं ईमेलवर लिहून पाठवा. तोंडी कबुली नंतर कुणाला आठवत नाही. एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र स्वतः वाचा. निरक्षर रुग्णाचा नुसता अंगठा घेऊ नका; संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा आणि त्याची सही हवी. "घेऊन टाक गं" असं मलाही सांगण्यात आलं होतं. मी ऐकलं नाही, दुसऱ्या रुग्णांच्या शिकलेल्या नातेवाइकांना विनंती करत राहिले.

जमलं तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजनेत अर्ज करा. 1979 पासून ती चालू आहे. तिथे मार्गदर्शक असतो, पण प्रस्ताव आणि अहवाल विद्यार्थ्याच्या नावावर जातात.

आणि जो मार्गदर्शक मसुद्याचा प्रश्न ऐकून चिडतो, त्याच्याकडे काम करू नका. दुसरा शोधा.