संतापण्याचा अधिकार

जानेवारी २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधील दावोस येथे हवामानबदलाविरुद्ध आवाज उठवणाऱ्या पाच तरुणींचे एकत्र छायाचित्र घेण्यात आले. स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग त्यांत होती, तशीच युगांडाची व्हॅनेसा नकाटेही होती. एका वृत्तसंस्थेने ते प्रसृत केले तेव्हा त्यात चौघीच उरल्या होत्या, आणि त्या चौघीही गोऱ्या युरोपीय. मागील इमारतीने चित्राची रचना बिघडत होती म्हणून कड कापली, असा खुलासा झाला. पुढे खेदही व्यक्त झाला. आपल्याला का वगळले, हे नकाटेने जगाला रडत रडतच विचारले.

हा प्रसंग मी दहावीच्या वर्गात सांगितला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ग्रेटा चिडून बोलली तेव्हा काहींनी तिची टिंगल केली, पण पुष्कळांनी तिला धाडसी म्हटले. ही रडण्याऐवजी चिडली असती तर तिला काय म्हटले असते?" इतिहासाच्या तासाला प्रश्न निघाला तो तत्त्वज्ञानाचा.

क्रोधाविषयी विचारवंतांचे मतभेद जुने आहेत. रोमन सेनेकाला क्रोध ही क्षणिक वेडाची अवस्था वाटे. उलट, जिथे संतापायला हवे तिथे जो संतापत नाही तो मूर्ख, असे अॅरिस्टॉटल मानतो. आठव्या शतकातील बौद्ध आचार्य शांतिदेव 'बोधिचर्यावतारा'त वेगळीच अडचण दाखवतात. काठीने मारले तर आपण काठीवर रागावत नाही, मारणाऱ्यावर रागावतो. पण मारणाराही द्वेषाने प्रेरित झालेला असतो. मग रागवायचे कोणावर? हवामानाच्या बाबतीत ही अडचण विलक्षण खरी ठरते. धूर असंख्य धुराड्यांतून निघतो, त्याला एक हात नसतो. तरीही कारणांची साखळी लांब आहे म्हणून तिच्यातील सर्व कड्या सारख्या ठरत नाहीत, असे मला वाटते. जगाच्या कार्बन उत्सर्जनात संपूर्ण आफ्रिका खंडाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आहे.

आजच्या काळात मार्था नुसबॉम क्रोधातील सूडाच्या इच्छेवर बोट ठेवतात आणि दृष्टी भविष्याकडे वळवा असे सांगतात. यावर अमिया श्रीनिवासन यांनी २०१८ च्या निबंधात दिलेले उत्तर मला अधिक पटते. क्रोध उपयोगी आहे का, हा एक प्रश्न. तो उचित आहे का, हा दुसरा. पीडिताला पुष्कळदा या दोहोंतून एक निवडावे लागते: उचित संताप व्यक्त करून नुकसान सोसायचे, किंवा तो गिळून काम साधायचे. अशी निवड करावी लागणे हाच एक स्वतंत्र अन्याय होय. गावकुसाबाहेरच्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

प्रशांत महासागरातील वानुआतू येथे २०१९ मध्ये कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे नेण्याचा ध्यास घेतला. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो न्यायालयाकडे पाठवला आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमुखाने मत दिले की, हवामानाचे रक्षण हे राज्यांचे कायदेशीर कर्तव्य असून त्याचा भंग झाल्यास भरपाईचीही जबाबदारी येऊ शकते. समुद्र चढत असताना सहा वर्षे कलमांच्या थंड भाषेत बोलत राहणे त्या मुलांना किती जड गेले असेल, हे कोणत्याही निकालपत्रात नोंदले जात नाही. वर्गातील त्या मुलीला मी एवढेच सांगू शकलो.