धुराच्या तपासणीतली फुल रेस

उभ्या गाडीला शेवटपर्यंत रेस देण्याची वेळ डिझेल गाडीच्या मालकावर हमखास येते ती पीयूसी काढताना. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ प्रमाणे डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजली जाते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात तळापर्यंत दाबायचा, इंजिन कमाल फेऱ्यांना पोहोचले की सोडायचा आणि हे काही वेळा करायचे. सायलेन्सरच्या तोंडात घातलेली नळी त्या क्षणाचा धूर यंत्रापर्यंत नेते. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना ६५ हार्ट्रिज एककांपर्यंत मुभा आहे, बीएस-४ ला ५० पर्यंत. पेट्रोल गाडीची तपासणी मुख्यतः मंद चालीवर होते, त्यामुळे फुल रेसची चिंता डिझेलवाल्यांचीच.

या रेसने इंजिन बिघडते का? निरोगी, तापलेल्या इंजिनाला काही सेकंदांची अशी रेस सोसते. कमाल फेऱ्यांची मर्यादा कारखान्यानेच घातलेली असते आणि ती गाठली की डिझेलचा पुरवठा आपोआप तोडला जातो. जुन्या पंपात हे काम गव्हर्नर करतो, नव्या गाडीत संगणक.

सोसते म्हणजे ताण येत नाही, असे मात्र नाही. पिस्टन वर-खाली होताना दर फेरीत दोनदा थांबतो आणि उलट फिरतो. त्या वेळी पडणारी ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर गुरगुरणारे इंजिन ५,००० वर नेले तर फेऱ्या सव्वासहा पट होतात, ओढ मात्र जवळपास ३९ पट. ८२ मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात त्या वेळी पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेतेरा मीटरांच्या पुढे जातो. अर्धा किलोचा पिस्टन कनेक्टिंग रॉडला क्षणभर साडेसातशे किलोंच्या आसपास जोर लावतो. म्हणजे सात-साडेसात क्विंटल कापसाचे वजन रॉडच्या दोन बोल्टांवर, आणि तेही मिनिटाला हजारो वेळा. प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला चाळीसेक वेळा उघडतो, मिटतो. तो वेळेवर मिटावा याची जबाबदारी टायमिंग चेनवर किंवा टायमिंग बेल्टवर असते.

प्रस्तुत लेखकाच्या गाडीचे नुकसान या बेल्टनेच झाले. बोरी हे परभणी–जिंतूर रस्त्यावरचे गाव. तिथली ही जुनी विकत घेतलेली डिझेल गाडी थंडीत दोन दिवस उभी होती. सकाळी ती चालू करून थेट जवळच्या तपासणी केंद्रावर नेली. तिसऱ्या रेसला कट्‌ असा आवाज झाला आणि इंजिन जागीच बंद पडले. मिस्त्रीने कव्हर उघडले तेव्हा बेल्टचे दात झडलेले होते. हेड उतरवल्यावर व्हॉल्व्ह वाकलेले आणि पिस्टनच्या माथ्यावर त्यांचे ठसे उमटलेले दिसले. गाडी साठ हजार किलोमीटरही चाललेली नव्हती. बेल्ट मात्र नऊ वर्षांचा होता. किलोमीटर पाहिले गेले, वर्षे मोजली गेली नाहीत. टायमिंग बेल्ट रबराचा असतो. उन्हाळ्याच्या तापाने तो गाडी उभी असतानाही म्हातारा होतो, आणि परभणीचा उन्हाळा कडक. गाडीच्या पुस्तकात बेल्ट बदलण्यासाठी किलोमीटर आणि वर्षे अशा दोन मर्यादा दिलेल्या असतील, तर आधी भरेल ती पाळायची असते.

दोष तपासणीचा नव्हता. झिजलेला बेल्ट पुढे कधीतरी भर रस्त्यात तुटलाच असता. पण थंड इंजिनाला रेस दिली, ही चूक टाळता आली असती. थंडीत ऑइल घट्ट असते आणि सगळ्या बेअरिंगांपर्यंत सावकाश पोहोचते. काट्यावर दिसते ते पाण्याचे तापमान, ऑइल त्याच्या मागून तापते. म्हणून तपासणीला जाण्यापूर्वी गाडी पंधरा-वीस मिनिटे रस्त्यावर चालवावी. घरासमोर उभी ठेवून तापवणे पुरेसे नाही. ऑइलची पातळी आणि बेल्टची तारीख आदल्या दिवशी पाहावी. एअर फिल्टर काळ्या मातीच्या धुळीने भरलेला असेल तर हवा कमी पडते, धूर वाढतो आणि तपासणी फसून पुन्हा रेस द्यावी लागते. त्यामुळे तो बदलणे हीच स्वस्त तयारी आहे. बेल्टचा इतिहास माहीत नसेल तर नवा बेल्ट, टेन्शनर आणि रोलर आधी, पीयूसी नंतर. रेस टाळण्यासाठी नळी न लावताच कागद मिळवणे हा उपाय नव्हे. तो धूर स्टँडवर उभ्या असलेल्या शाळकरी मुलांच्याच छातीत जातो.

तपासणी संपताच चावी फिरवू नये. टर्बोचे पाते मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेऊ शकते आणि इंजिन बंद होताच त्याचे ऑइल थांबते. अर्धा-एक मिनिट मंद चालीवर राहू द्यावे.

कमाल फेऱ्यांच्या मर्यादेचे संरक्षण दोन प्रसंगी मुळीच चालत नाही. घाट उतरताना भरवेगात चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला तर इंजिनाला चाकेच फिरवतात. डिझेल तोडून उपयोग नसतो. अशा वेळी क्लच तत्काळ दाबावा. दुसरा धोका टर्बोचे सील गेलेल्या गाडीत असतो. इंजिन स्वतःचेच ऑइल पिऊन बेफाम होते आणि चावी काढली तरी थांबत नाही. सायलेन्सरमधून पांढरट-निळ्या धुराचा लोट निघतो. गाडी उभी असेल तर ब्रेक घट्ट धरून सर्वांत वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. हवेच्या नळीत हात घालू नये.