बोलतं न होणाऱ्या मुलाचं काय करायचं?

प्रश्न : मुंबईत ज्यू समाजाची जुनी मराठी शाळा होती, असं वाचलं. लहान मुलांना शिकवण्याची त्यांची काही वेगळी रीत आहे का? आम्हा सेविकांना त्यातलं काही घेता येईल का?
— एक अंगणवाडी सेविका, बीबी (ता. लोणार, जि. बुलडाणा)

उत्तर : ताई, शाळा होती नव्हे, आहे. माझगावची सर एली कदूरी शाळा. बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ मध्ये ती सुरू केली. १९०५ च्या मॅट्रिकला मुलींत पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन १९२२ ते १९५० तिथं मुख्याध्यापिका होत्या. पुढे समाजातली बहुतेक घरं इस्राएलला गेली. आता तिथं शिकणारी मुलं प्रामुख्यानं मुस्लिम आहेत.

पण तुमच्या अंगणवाडीतल्या वयाच्या मुलांचं शिक्षण व्हायचं घरात. कोकणात ही मंडळी तेलघाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’. कित्येक पिढ्या हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या शोकाच्या उपवासाला त्यांनी नाव दिलं ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं व्हायचं. चार वर्षांच्या पोराला जेरुसलेम काय कळणार? बिरडं कळतं.

तुमच्या खऱ्या उपयोगाचा मात्र वल्हांडण सण. मिसरच्या गुलामीतून ज्यूंची सुटका झाल्याची ही आठवण. रात्री सगळं घर जेवणाला बसतं आणि घरातलं सर्वांत धाकटं मूल विचारतं, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? त्यानं विचारल्यावर मोठी माणसं गोष्ट सांगायला घेतात. या रात्रीची पोथी म्हणजे हगादा. ती मराठी अर्थासह मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. पुण्याच्या प्रतीत साडी नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकरी करताना दिसतात.

त्या पोथीत चार प्रकारची मुलं आहेत : शहाणं, उर्मट, भोळं आणि ज्याला विचारताच येत नाही असं. पहिल्या तिघांना त्यांच्या त्यांच्या प्रश्नाजोगं उत्तर मिळतं. चौथ्यासाठी सूचना अशी की, त्याच्या वतीनं तूच बोलायला सुरुवात कर. मला वाटतं, बालशिक्षणाच्या जाड पुस्तकांत याहून नेमकं फार थोडं सापडेल. अंगणवाडीत कोपऱ्यात बसणारं मूल ‘हुशार नाही’ म्हणून आपण सोडून देतो. पोथी त्याला बोलतं करण्याचा भार मोठ्यांवर टाकते.

आता सेविकांच्या स्वतःच्या शिकण्याचं, म्हणजे आधी मूल बघायला शिकण्याचं. वॉर्सातले ज्यू डॉक्टर यानुश कोर्चाक १९१२ पासून अनाथाश्रम चालवत. मुलांची वजनं ते स्वतः करत, कारण त्या निमित्तानं प्रत्येक मूल जवळून बघायला मिळे. तुम्हीही वजन करता. पण पोषण ट्रॅकरमध्ये आकडा भरायच्या घाईत मुलाकडे बघणं राहून जातं, त्यात तुमचा दोष थोडा आणि कामाच्या ओझ्याचा जास्त.

जे दिसलं त्यावर एकमेकींशी बोलायलाही हवं. ज्यू परंपरेत मोठी माणसं जोडीनं बसून अभ्यास करतात. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं खोडून काढायचं. बीटच्या मासिक बैठकीत रजिस्टरं झाली की दोघी-दोघींनी बसून एकेका गप्प मुलाबद्दल असं बोलून बघा. मुख्यसेविकाबाईंनाही एका जोडीत बसवा. त्या नुसत्या ऐकत राहिल्या, तर तुम्हीच त्यांना पहिला प्रश्न विचारा.