क्रीडांगणावरील साधना आणि जीवनातील यश

खेळ म्हणजे केवळ करमणूक, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. पुस्तकात डोके घालून बसणारा मुलगा शहाणा आणि मैदानावर रमणारा उनाड, अशी विभागणी अनेक घरांत होत असे. ही समजूत आता बरीचशी मागे पडली आहे. मात्र तिच्या जागी दुसरी आली आहे. मोठा खेळाडू उपजतच मोठा असतो, सामान्य माणसाने त्याचे कौतुक करावे, त्याच्यापासून शिकण्यासारखे काही नसते, अशी ही नवी समजूत होय. पहिलीइतकीच तीही चुकीची आहे. श्रेष्ठ खेळाडूंच्या वाटचालीचा बारकाईने अभ्यास केला, तर विद्यार्थ्याला, कारागिराला आणि स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारालाही उपयोगी पडतील असे धडे तीत सापडतात. त्यांपैकी काहींचा विचार येथे करावयाचा आहे.

या विचारासाठी चेंबूर परिसर विशेष योग्य आहे. माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, खत कारखाना आणि तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या आधाराने या भागात कामगारांच्या व कर्मचाऱ्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारी दाटीवाटीच्या वस्त्याही वाढल्या. पदवी हाती आहे, पण मनाजोगती नोकरी नाही; परीक्षा दिली आहे, पण यादीत नाव नाही; वयाची पंचविशी उलटली आहे, पण जम बसलेला नाही, असे तरुण येथे गल्लोगल्ली भेटतात. 'आपली वेळ निघून गेली' हा विचार त्यांच्या मनाला पोखरत असतो. या विचाराला मैदान काय उत्तर देते, ते पाहू.

प्रतीक्षेचा काळ हा तयारीचा काळ

चेंबूरलगतच्या अणुशक्तीनगर वसाहतीत क्रिकेटपटू सूर्यकुमार यादव यांचे बालपण गेले. त्यांचे वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात अभियंता होते. मुलाची आवड ओळखून त्यांनी त्याला वसाहतीतील क्रिकेट शिबिरात घातले. पुढे दिलीप वेंगसरकर यांच्या अकादमीत शिक्षण झाले आणि डिसेंबर २०१० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, दिल्लीविरुद्धच्या रणजी सामन्यात मुंबईकडून त्यांचे पदार्पण झाले. त्या सामन्यात त्यांनी ७३ धावा केल्या. पुढच्याच हंगामात ७५४ धावा करून ते मुंबईचे सर्वाधिक धावा करणारे फलंदाज ठरले. भारतीय संघ आता दूर नाही, असे कोणालाही वाटले असते.

प्रत्यक्षात त्यानंतर सुमारे नऊ वर्षे गेली. मुंबईचे कर्णधारपद मिळाले, पण ते फार काळ टिकले नाही. बरोबरीचे आणि मागून आलेले खेळाडू पुढे निघून गेले. २०१८, २०१९ व २०२० या आयपीएलच्या तिन्ही हंगामांत त्यांनी चारशेहून अधिक धावा केल्या. तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी संघ जाहीर झाला, तेव्हा त्यात त्यांचे नाव नव्हते. अवघ्या दोन दिवसांनी बंगळूरच्या संघाविरुद्ध ४३ चेंडूंत नाबाद ७९ धावा करून त्यांनी आपल्या संघाला विजय मिळवून दिला.

मार्च २०२१ मध्ये, तिशी ओलांडल्यावर, भारतीय संघाचे दार उघडले. पहिल्या सामन्यात फलंदाजीची पाळीच आली नाही. १८ मार्च रोजी पाळी आली, तेव्हा जोफ्रा आर्चर या इंग्लंडच्या वेगवान गोलंदाजाचा पहिलाच चेंडू त्यांनी षटकारासाठी सीमापार धाडला आणि ३१ चेंडूंत ५७ धावा केल्या. पुढील वर्षी ते वीस षटकांच्या क्रिकेटमधील जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर होते. जुलै २०२४ मध्ये या प्रकारात भारताचे कर्णधारपद त्यांच्याकडे सोपवण्यात आले.

या कथेचा बोध 'धीर धरा' एवढाच घेतला, तर तो अपुरा राहील. धीर धरून नुसते बसणारेही पुष्कळ असतात. आपली निवड करणे या खेळाडूच्या हाती नव्हते. धावा करणे आणि फटक्यांची विविधता वाढवणे मात्र हाती होते. हाती असलेले आणि हाती नसलेले यांची अशी फाळणी करून पहिल्याकडे सर्व शक्ती लावणे, हा यातील खरा धडा होय. भरतीची जाहिरात केव्हा निघेल, हे उमेदवाराच्या हाती नसते. ती निघेल त्या दिवशी आपली तयारी किती असेल, हे बव्हंशी त्याच्याच हाती असते.

अपयशाचे निदान

स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव हे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते आपल्या वजनगटात सहाव्या क्रमांकावर राहिले. तालमीच्या लाल मातीत तयार झालेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती आणि आंतरराष्ट्रीय नियम नवे होते. मातीत पाय रोवून उभे राहणे वेगळे आणि गादीवर तोल सांभाळणे वेगळे. खाशाबांनी हा पराभव नशिबाच्या माथी मारला नाही. नेमके काय कमी पडले ते ओळखले आणि पुढची चार वर्षे ती उणीव भरून काढण्यात घालवली.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते वरच्या वजनगटात उतरले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. पुढे जपान व सोव्हिएत संघाच्या मल्लांकडून हार झाली आणि कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. भारताला यानंतरचे वैयक्तिक पदक लिअँडर पेस यांनी १९९६ मध्ये मिळवून दिले, म्हणजे मध्ये ४४ वर्षे गेली. यावरून त्या यशाची उंची ध्यानात येईल.

अपयश ही यशाची पहिली पायरी आहे, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु निदान न केलेले अपयश ही कशाचीच पायरी नसते; तेच अपयश पुन्हा पुन्हा येत राहते. परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्याने 'मी नापास झालो' येथे न थांबता, वेळ अपुरा पडला, की विशिष्ट प्रकरण कच्चे राहिले, की प्रश्न नीट वाचला गेला नाही, हे शोधून काढले पाहिजे. तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. केवळ 'यंदा अधिक मेहनत करीन' हा संकल्प त्यांपैकी कशावरच उपाय नव्हे.

एका नेमाचा भार दुसऱ्यावर नको

नेमबाजीत पन्नास मीटर रायफल प्रकारातील लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी याच प्रकारात १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी योजनेत २००९ साली त्यांची निवड झाली होती. पुढे मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करीत त्यांनी सराव चालू ठेवला.

पॅरिसपूर्वी सुमारे दहा महिने, २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत, सांघिक सुवर्णपदक मिळाल्यानंतर वैयक्तिक अंतिम फेरीत ते आघाडीवर होते. तेवढ्यात एक नेम चुकून ७.६ गुणांवर गेला आणि ते चौथ्या स्थानावर घसरले. पॅरिसच्या अंतिम फेरीत मात्र प्रारंभी मागे असूनही ते एकेक नेमाने वर येत गेले आणि ४५१.४ गुणांसह तिसरे आले. या खेळात झालेला नेम परत घेता येत नाही आणि पुढचा नेम आधी घेता येत नाही. चुकलेल्या नेमाचा भार मनावर घेऊन पुढचा नेम धरला, की तोही चुकतो. मुलाखतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर न आल्याने पुढची चार उत्तरे बिघडवून घेणाऱ्या उमेदवाराला हा धडा निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

सराव कसला आणि किती

२९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. अखेरच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या. पहिल्याच चेंडूवर डेव्हिड मिलर यांनी उंच फटका मारला. सीमारेषेवर सूर्यकुमार यादव यांनी धावत चेंडू झेलला. तोल रेषेपलीकडे जातो आहे असे दिसताच त्यांनी तो हवेत उडवला, पाय रेषेबाहेर टाकून पुन्हा आत आले आणि झेल पूर्ण केला. भारत सात धावांनी विजयी झाला. पाहणाऱ्यांना हा चमत्कार वाटला. वस्तुतः आजच्या क्रिकेटमध्ये सीमारेषेवरील अशा झेलांचा स्वतंत्र सराव करून घेतला जातो. क्षणात घडलेल्या त्या कृतीमागे अनेक दिवसांची उजळणी होती.

सराव म्हणजे नुसती पुनरावृत्ती नव्हे. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिकसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये व्हायोलिनवादकांच्या सरावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून पुढे 'दहा हजार तासांचा नियम' लोकप्रिय झाला. तो एरिकसन यांना स्वतःला मान्य नव्हता. त्यांचा भर तासांच्या मोजणीपेक्षा सरावाच्या प्रकारावर होता. निश्चित उद्दिष्ट, आपल्या क्षमतेच्या किंचित पलीकडचे काम, चुकीची तत्काळ जाणीव आणि तिची दुरुस्ती ही अशा सरावाची लक्षणे होत.

एक उदाहरण घेऊ. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डिंग शिकणारा तरुण सपाट ठेवलेल्या पत्र्याचा सांधा रोज वीस वेळा जोडतो. सांधा सुबक येतो आणि मनाला समाधान वाटते. परंतु डोक्यावरच्या स्थितीतील सांधा त्याला जमत नाही, म्हणून तो टाळतो. अशा वेळी वीस सोप्या सांध्यांपेक्षा निदेशकाच्या नजरेखाली केलेले पाच अवघड सांधे त्याला अधिक पुढे नेतील. येत असलेले पुन्हा पुन्हा करणे म्हणजे सराव, हा भ्रम अभ्यासिकेत, कारखान्यात आणि कार्यालयातही आढळतो.

विश्रांती हाही या सरावाचाच भाग आहे. शरीर घडते ते व्यायामानंतरच्या विश्रांतीत, हे प्रत्येक वस्ताद जाणतो. झोप मोडून केलेल्या अभ्यासाची थोरवी सांगणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

यशाच्या मागे उभे असलेले हात

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. प्रयत्न केले की यश मिळतेच, आणि ते मिळाले नाही तर प्रयत्न कमी पडले, असा निष्कर्ष या उदाहरणांतून काढणे अन्यायाचे होईल. तितकेच कष्ट करूनही ज्यांची नावे आपल्या कानांवर आली नाहीत, असे खेळाडू पुष्कळ आहेत. शर्यतीत पहिला एकच येतो. आयुष्यात मात्र एकाच्या यशासाठी दुसऱ्याने हरावे लागतेच असे नाही. म्हणून खेळाडूची कार्यपद्धती घ्यावी. त्याच्या पदकाशी आपल्या आयुष्याची तुलना करू नये.

दुसरे असे की, कोणताही खेळाडू एकटा मोठा होत नाही. अणुशक्तीनगरच्या मुलाला वसाहतीचे शिबिर आणि मैदान मिळाले. कांबळवाडीच्या मुलाला क्रीडा प्रबोधिनी मिळाली. खाशाबांच्या वाट्याला यांपैकी फारसे काही नव्हते. हेलसिंकीच्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक जिंकून परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या खेळून पैसा जमवला आणि गुरुजींचे घर सोडवले. पुढे ते पोलीस दलात दाखल झाले. १९८४ मध्ये रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला, हे उचित झाले. परंतु गुणी माणसाला त्याच्या हयातीतच आधार व मान मिळावा, हा धडा समाजाने आणि शासनयंत्रणेनेही त्यांच्या चरित्रातून घेतला पाहिजे. मोकळे मैदान, शांत अभ्यासिका आणि एखादा जाणता मार्गदर्शक यांच्यावाचून उपदेश कोरडा ठरतो.

आचरणात कसे आणावे

हे धडे आचरणात आणण्यास मोठा खर्च लागत नाही. तीन महिन्यांचे एकच उद्दिष्ट ठरवावे आणि ते मोजता येईल असे असावे. 'इंग्रजी सुधारणे' हे उद्दिष्ट नव्हे. 'रोज एका उताऱ्याचे भाषांतर करून ते जाणकाराकडून तपासून घेणे' हे उद्दिष्ट होय. एक साधी वही ठेवावी. तीत रोज तीन गोष्टी लिहाव्यात : आज कोणता अवघड भाग हाताळला, कोठे चुकले, उद्या काय बदलणार. आठवड्यातून एकदा ही वही शिक्षक, वडीलधारी व्यक्ती किंवा सहकारी मित्र यांना दाखवावी. कारण स्वतःची पाठ जशी स्वतःला दिसत नाही, तशाच स्वतःच्या काही चुकाही दिसत नाहीत. तीन महिन्यांनी निकाल काहीही लागो, वही चाळून पुढचे उद्दिष्ट ठरवावे. मार्गच चुकला आहे असे वहीवरून दिसले, तर तो बदलण्यात कमीपणा मानू नये.

विसाव्या वर्षी पदार्पण केलेल्या एका खेळाडूला देशाच्या संघात यायला तिशी ओलांडावी लागली, आणि मधली वर्षे वाया गेली नाहीत. आज चेंबूरमध्ये, आणि चेंबूरसारख्याच कितीतरी उपनगरांत व गावांत, अशीच मधली वर्षे काढत असलेले तरुण-तरुणी आहेत. ती वर्षे केवळ वाट पाहण्याची ठरतात की घडण्याची, हे अंशतः समाजाने त्यांना दिलेल्या संधीवर आणि अंशतः त्यांच्या रोजच्या सरावावर अवलंबून आहे. संधी निर्माण करणे हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे. सराव मात्र ज्याचा त्यालाच करावा लागतो, आणि त्याला आजपासूनच आरंभ करता येतो.