आधी कौन्सिलचं पत्र, मग फी

‘सिस्टर, तुम्ही नीट वाचलं नाही,’ असं वर्कशॉपचे आयोजक आता म्हणतात. मी वाचलं होतं. माहितीपत्रकावर ‘नर्सिंग कौन्सिल क्रेडिट’ असं ठळक छापलं होतं आणि पैसे भरण्याआधी मी फोनवर विचारलंही होतं. ‘हो हो, मिळणारच,’ हे त्यांचंच उत्तर.

नाइट ड्यूटी संपवून, न झोपता, मी त्या कार्डिअ‍ॅक वर्कशॉपला गेले. ड्यूटी लीव्ह मिळाली नव्हती. सीसीयूला ट्रेन्ड स्टाफ सगळ्यांना हवा असतो, सुट्टी मात्र कुणी देत नाही. दिवसभर स्लाइड्स चालल्या. समोर मॅनिकिन होतं, पण त्याच्या छातीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. त्याच्याशेजारी पाहुण्यांचे फोटो तेवढे झाले. मॉनिटरवर व्हीएफ दिसला की शॉक, आणि नाडी बघत न बसता लगेच कॉम्प्रेशन, मिनिटाला १०० ते १२०. एकीने घड्याळ धरायचं, दर ३ ते ५ मिनिटांनी अ‍ॅड्रिनलिन. हे हातात बसावं लागतं, स्लाइड बघून येत नाही.

सर्टिफिकेट आलं ते बऱ्याच दिवसांनी, व्हॉट्सअ‍ॅपवर. मान्यता क्रमांकाच्या जागी लिहिलं होतं, ‘अर्ज प्रक्रियेत’. मी तिथल्या तिथे फोन लावला. आधी ‘पुढच्या आठवड्यात’, मग ‘सर मीटिंगमध्ये आहेत’, मग फोन उचलणंच बंद. ग्रुपवर सरळ प्रश्न विचारला, तर मलाच काढून टाकलं! बाकीच्या मैत्रिणी गप्प राहिल्या आणि नंतर एकेकीने मला खासगीत विचारलं, ‘आपले तास धरतील ना गं?’

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या हिशेबाने रिन्यूअलसाठी पाच वर्षांत १५० तास लागतात. ते शेवटच्या वर्षावर ढकलू नका. फी भरण्याआधी त्याच कार्यक्रमाचं, त्याच तारखेचं, तास नमूद केलेलं मान्यतेचं पत्र मागा. मागच्या वर्षीचं पत्र दाखवणारेही असतात. पैसे संस्थेच्या खात्यावर भरा आणि पावती घ्या. मॅनिकिन किती आणि एका गटात किती जणी, हेही विचारा.

एसीएलएसचं वेगळं आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं आणि त्यासाठी प्रत्यक्ष कौशल्य चाचणी द्यावीच लागते. घरबसल्या व्हिडिओ बघून मिळणारा कागद म्हणजे ते कार्ड नव्हे. ई-कार्डचा कोड त्यांच्या साइटवर तपासता येतो, तेवढं करा. एसीएलएसचे तास क्रेडिटमध्ये धरतात का, हे आयोजकांना नाही, कौन्सिललाच विचारा.

माझी फी अजून परत आलेली नाही. माहितीपत्रक, पावती आणि ग्रुपचे स्क्रीनशॉट जोडून मी कौन्सिलकडे लेखी तक्रार दिली आहे. त्या दिवशी हॉलमध्ये होतात त्या सगळ्यांनी आपापली तक्रार द्या, माझ्या एकटीच्या कागदावर विसंबू नका.